नौकाशिल्पी लवजी नसरवानजी वाडिया

सुरत हे नाव उच्चारले की मराठी विद्यार्थ्याच्या मनात प्रथम जागी होते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्यांची आठवण. परंतु ज्या वैभवामुळे या शहराची कीर्ती दूरवर पसरली होती, ते वैभव कशाच्या बळावर उभे राहिले होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तापी नदीच्या मुखाशी देशोदेशींची गलबते येत. येथून कापड, नीळ आणि मसाल्याचे पदार्थ अरबस्तानात, इराणात व युरोपात जात, आणि हजला निघालेले यात्रेकरू येथूनच जहाजात चढत. व्यापाऱ्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली. पण ज्या जहाजांवर हा सारा व्यापार तरंगत होता, ती बांधणाऱ्या कारागिरांची नावे बहुतेक काळाच्या उदरात गडप झाली. त्यांतून जे एक नाव तरून राहिले, ते लवजी नसरवानजी वाडिया यांचे. आज आम्ही त्यांचेच चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लवजींचा जन्म १७०२ च्या सुमारास सुरतेजवळील सिगणपूर या गावी एका पारशी कुटुंबात झाला. वाडिया हे आडनाव या घराण्याला जहाजबांधणीच्या धंद्यावरून पडले. त्यांनी आपली विद्या शाळेत नव्हे, तर तापीच्या काठी, सागाच्या ओंडक्यांच्या राशीत मिळविली. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट आणि ओळंबा हीच त्यांची पाटीपेन्सिल. सुरतेस इंग्रज कंपनीसाठी जहाजे बांधणारे धनजीभाई नावाचे एक पारशी मिस्त्री होते. त्यांच्या हाताखाली लवजी काम करू लागले आणि अंगच्या हुशारीने लवकरच मुख्य कारागिराच्या जागी चढले.

त्यांच्या कसबाची खरी किंमत कळावयाची असेल, तर प्रथम जहाजाचा वैरी कोण हे समजून घेतले पाहिजे. वादळ आणि खडक हे वैरी सर्वांना ठाऊक आहेत, कारण ते डोळ्यांना दिसतात. पण लाकडी जहाजाचा अधिक चिवट वैरी पाण्याखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता आपले काम करीत असतो. उष्ण समुद्रात जहाज काही आठवडे नांगरून राहिले की त्याच्या तळावर प्रथम एक बुळबुळीत थर चढतो. मग शेवाळ धरते. त्यामागून बार्नॅकल नावाचे बारीक जीव येतात. ते बाल्यावस्थेत पाण्यात पोहत असतात, आणि जागा पसंत पडली की डोके टेकवून स्वतःच्याच चिकट रसाने तेथे कायमचे चिकटून बसतात व अंगाभोवती चुनखडीचे कठीण कवच बांधतात. अशा लाखो जीवांनी तळ खरखरीत झाला म्हणजे जहाजाची चाल मंदावते. जे अंतर वीस दिवसांत कापायचे त्याला तीस दिवस लागले, तर पिण्याचे पाणी संपते, धान्य संपते, आणि खलाशांच्या प्राणांशी गाठ पडते. युद्धाच्या वेळी तर मंद जहाज म्हणजे शत्रूच्या हाती आयते दिलेले सावज.

दुसरा वैरी याहूनही भयंकर. त्याला टेरेडो असे म्हणतात. लोक त्याला किडा समजतात. वास्तविक तो शिंपल्यांच्या जातीचा प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो लाकडात शिरतो आणि आतल्या आत लांब बोगदे पोखरीत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. आतून मात्र तिचे पोळे झालेले असते. अशा फळीवर एखादी मोठी लाट आदळली की भर समुद्रात जहाजाला भगदाड पडते.

तेव्हा जहाजाच्या तळाला काय लावावे, हा प्रश्न केवळ रंगरंगोटीचा नव्हता. तो जीवनमरणाचा प्रश्न होता. निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी त्याची निरनिराळी उत्तरे शोधली होती. युरोपातील लोक मूळ तळावर डांबर व केस यांचा थर देऊन वरून पातळ फळ्यांचे दुसरे अस्तर ठोकीत. टेरेडोने अस्तर खाल्ले की ते काढून नवे ठोकायचे. सतराव्या शतकात इंग्रजांनी काही जहाजांना शिशाचे पत्रे लावून पाहिले, परंतु त्या शिशाच्या संगतीने सुकाणूचे लोखंड झिजू लागले आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. आपल्या देशातील कारागीर चुना व तेल एकत्र घोटून त्याचा जाड लेप तळावर चढवीत. तो वाळला म्हणजे दगडासारखा कठीण होई. सुरतेच्या जहाजांविषयी त्या काळी येथे येऊन गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले आहे. येथील सुतार फळीला फळी नुसती टेकवून ठेवीत नसत. एका फळीच्या कडेला खोबण पाडून दुसरीची कड तीत बसवीत, आणि मध्ये राळ व कापूस यांचा थर देत. त्यामुळे सांधा इतका घट्ट होई की जणू एकच लाकूड वाटावे. शिवाय तळाला वेळोवेळी लाकडापासून काढलेले एक तेल चोळण्याची येथे रीत होती. ते तेल फळ्यांत मुरे आणि लाकूड दीर्घकाळ टिके. समुद्रातील हे जीव गोड्या पाण्यात फार काळ जगू शकत नाहीत. म्हणून नदीत वर नेऊन ठेवलेल्या जहाजाला आपोआपच थोडाबहुत दिलासा मिळे.

अशा परंपरेत लवजींचा हात तयार झाला होता. इ. स. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुंबईच्या आरमारासाठी सुरतेस एक जहाज बांधावयास सांगितले. त्याचे नाव क्वीन. त्या कामावर देखरेख करण्यासाठी मुंबईहून डडली नावाचा अधिकारी आला. लवजींचे काम पाहून तो इतका प्रसन्न झाला की त्यांना मुंबईस घेऊन जाण्याचा त्याने निश्चय केला. मुंबईत कंपनीला स्वतःचा जहाजबांधणीचा कारखाना उभारावयाचा होता. हाताशी चांगला कारागीर मात्र नव्हता.

येथे लवजींच्या स्वभावाचा एक पैलू दिसून येतो. पुढे मोठ्या योग्यतेची जागा दिसत असतानाही त्यांनी एकदम होकार दिला नाही. ज्या धनजीभाईंच्या हाताखाली आपण शिकलो, ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांची परवानगी मिळाल्यावाचून सुरत सोडणे त्यांना योग्य वाटले नाही. धनजीभाईंनी रुकार दिल्यावर, १७३६ मध्ये दहा सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईस गेले. त्या वेळी त्यांचे वय चौतिशीच्या आसपास होते. आपण मागे काय सोडून जात आहोत, याची त्यांना कल्पना असलीच पाहिजे. तापीच्या मुखाशी गाळ साचत होता, मोगलांची सत्ता खिळखिळी झाली होती, आणि सुरतेचे वैभव हळूहळू मुंबईकडे सरकत होते. त्या ओघाबरोबर सुरतेचे सर्वोत्तम कसबही मुंबईस गेले.

मुंबईस पोहोचताच पहिली अडचण उभी राहिली ती लाकडाची. चांगल्या सागावाचून चांगले जहाज नाही. तेव्हा लवजींना पुन्हा उत्तरेकडे पाठविण्यात आले. तिकडच्या जंगलांतून साग नियमितपणे मिळावा, यासाठी त्यांनी तेथील व्यापाऱ्यांशी बोलणी केली आणि परत येताना आपले कुटुंबही मुंबईस आणले. सागाचा एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. सागाच्या लाकडात निसर्गतःच तेलाचा अंश असतो. त्यामुळे ते पाण्यात सहसा कुजत नाही, आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. युरोपातील ओक लाकूड बळकट खरे, पण त्यातील आम्लामुळे खिळे झिजतात. टेरेडोलाही साग तितकासा मानवत नाही. अर्थात् साग अभेद्य नव्हे. म्हणूनच त्यावर लेप हवा आणि त्या लेपाची निगाही हवी.

निगा राखावयाची म्हणजे तळ वरचेवर उघडा पडला पाहिजे. पूर्वी यासाठी भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्याच्या उथळ जागी आणीत आणि ओहोटी लागली की त्याला एका कुशीवर कलंडवीत. उघडी पडलेली बाजू घाईघाईने खरवडायची, जाळ दाखवून शेवाळ व किडे मारायचे, लेप चढवायचा, आणि पाणी परत येण्याच्या आत काम आटोपायचे. मग दुसरी बाजू. छोट्या गलबताला हे सोसते. परंतु तोफा वाहणाऱ्या मोठ्या जहाजाला असे आडवे केले म्हणजे त्याचे सांधे निखळण्याची भीती. यावर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे सुकी गोदी. किनाऱ्याला दगडी बांधणीचा एक खोल हौद असतो. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, आधारावर टेकवायचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर सोडायचे आणि दार बंद करायचे. मग सारा तळ दिवसचे दिवस कारागिरांच्या हाताखाली कोरडा राहतो. मुंबईच्या भरती-ओहोटीतील अंतर या कामी मोठे उपयोगी पडले.

मुंबईच्या किल्ल्यालगत लवजींच्या कारकीर्दीत १७५० मध्ये पहिली सुकी गोदी तयार झाली. १७६२ मध्ये दुसरी व १७६५ मध्ये तिसरी तिला जोडण्यात आली. आशिया खंडातील अशा प्रकारची ही पहिलीच गोदी होय, असे मानले जाते. पूर्वेकडील समुद्रात इंग्रजांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना आपला तळ नीट तपासून घेण्याची एवढी चांगली सोय दुसरीकडे नव्हती. त्यामुळे मुंबईचे महत्त्व पाहता पाहता वाढले.

या ठिकाणी मराठी वाचकाच्या मनाला एक गोष्ट टोचल्याशिवाय राहणार नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे जे आरमार विजयदुर्गावर चालून गेले, ते मुंबईहूनच निघाले होते. तुळाजी आंग्र्यांची जहाजे त्या बंदरात जळून खाक झाली. पेशव्यांनी स्वतःच इंग्रजांशी करार करून हा प्रसंग ओढवून घेतला होता, हे खरे. तरीही आपल्याच देशातील कारागिरांच्या हातांनी परकीयांचे आरमार बळकट होत गेले, हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लवजी राजकारणी नव्हते. ज्याने काम दिले त्याचे काम त्यांनी चोख केले. पण या देशातील राज्यकर्त्यांना गोदीचे आणि अशा कारागिरांचे मोल वेळीच कळले नाही, याचा दोष कारागिरांच्या माथी मारता येणार नाही. गुणी माणसाला ज्या ठिकाणी काम मिळते, त्या ठिकाणी त्याचे गुण फळतात. आम्हांला यातील बोध असा वाटतो की कारागिराची कदर करणे हे देशरक्षणाचेच अंग आहे.

लवजींच्या उतारवयात या तळाच्या प्रश्नाला एक नवे वळण लागले. १७६१ मध्ये इंग्रजांनी अलार्म नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला प्रयोगादाखल तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि ते उष्ण समुद्रात पाठविले. १७६३ मध्ये परत आल्यावर पाहतात तो टेरेडोचा उपद्रव नाही, आणि तळही बहुतांशी स्वच्छ. सर्वांना आनंद झाला. परंतु पत्रे उचलून पाहिले तेव्हा असे आढळले की तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे जागजागी विरघळून गेले आहेत. ज्या ठिकाणी दोहोंच्या मध्ये वेष्टनाचा जाड कागद राहिला होता, तेवढेच खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस लागले की त्यांपैकी एक झिजतो, हा निसर्गाचा नियम या प्रयोगाने पुढे आणला. एका शत्रूला घालविण्यासाठी आणलेल्या मित्राने घरातच सुरुंग लावावा, तसा हा प्रकार. या अडचणीमुळे तांब्याचा सर्रास वापर लांबला. १७७९ नंतर इंग्रजांच्या आरमाराला झपाट्याने तांबे लावण्यात आले, आणि १७८३ नंतर लोखंडी खिळ्यांच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरण्याचे ठरले.

हे पाहावयास लवजी राहिले नव्हते. अडतीस वर्षे मुंबईच्या कारखान्याची सेवा करून १७७४ मध्ये त्यांनी देह ठेवला. ज्याच्या हातून कंपनीची लाखो रुपयांची कामे गेली, त्या पुरुषाने मागे ठेवले ते एक घर, एक माफक रक्कम आणि निष्कलंक नाव. त्यांच्यामागे माणेकजी व बमनजी या पुत्रांनी काम हाती घेतले. फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी हे त्यांचे नातू तर आजोबांच्याच हाताखाली दरमहा बारा रुपयांवर साधे सुतार म्हणून राबत होते. मुख्य मिस्त्रीचे नातू म्हणून त्यांना गादीवर बसविण्यात आले नाही. आधी त्यांच्या हाती वाकस देण्यात आला.

या शिस्तीचे फळ पुढे मिळाले. जमशेटजींना कंपनीने १८०४ मध्ये चांदीची मोजपट्टी देऊन गौरविले. १८१० मध्ये त्यांनी मिंडन हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज ब्रिटिश आरमारासाठी बांधून दिले. त्या दर्जाचे जहाज ब्रिटनबाहेर बांधले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीतून बाहेर पडलेले त्रिंकोमाली हे सागवानी जहाज दोनशे वर्षांनंतर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. याच घराण्यातील अर्देशर खरशेटजी हे आगबोटींच्या यंत्रविद्येत निष्णात झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. १८५१ मध्ये त्यांनी बांधलेल्या आगबोटीचे नाव होते लवजी फॅमिली. सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीचे मुख्य मिस्त्रीपद या एका घराण्याकडे राहिले.

आता शिडे गेली, लाकूड गेले, पोलादी जहाजे आली आणि त्यांना पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा आला. पण लवजींच्या काळचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तो तळावरून पंख्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये दाखवून दिले की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तांब्याची झीज थांबते. परंतु झीज थांबलेल्या तांब्यावर शेवाळ व शिंपले खुशाल वाढू लागले. कारण तांबे किंचित् विरघळते, म्हणूनच ते त्या जीवांना मानवत नाही. विरघळणे थांबले की त्याचा धाकही संपला. आजच्या बोटीचा पंखा बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो आणि बोटीला झीज होऊ नये म्हणून जस्ताचे तुकडे लावलेले असतात. त्यामुळे पंखा झिजत नाही. मात्र बोट उभी राहिली की त्यावर बार्नॅकल धरतात. पात्यांवर थोडी जरी खरखर आली तरी इंजिनाचे बळ वाया जाते आणि तेल अधिक जळते.

मग पंख्याला कोणता लेप लावावा? तळाला लावतात तो विषारी रंग पंख्यावर फार दिवस टिकत नाही. वेगाने फिरणाऱ्या पात्यांवरून पाणीच त्याला खरवडून काढते. तांबेयुक्त रंग पोलादावर किंवा ॲल्युमिनियमवर नुसताच लावला तर अलार्म जहाजाच्या खिळ्यांची कथा पुन्हा घडण्याची भीती. म्हणून मध्ये दुसऱ्या लेपाचा पडदा लागतो. कथिलाचे एक संयुग घातलेले रंग विसाव्या शतकात फार परिणामकारक ठरले होते, पण त्यांनी बंदरांतील शिंपले व गोगलगाई यांचा घात केला, आणि २००१ मध्ये झालेला त्यांच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून अमलात आला. अलीकडे सिलिकोनचा गुळगुळीत लेप वापरतात. त्यात विष नसते. जीवांना त्यावर घट्ट पकड घेता येत नाही, आणि पंखा फिरू लागला की ते धुऊन जातात. मात्र हा लेप सहज ओरखडतो, आणि खाली धातू चांगला घासून, योग्य थर देऊन लावला नाही तर सालीसारखा निघून येतो. ज्यांना हे परवडत नाही, ते पंखा वरचेवर घासून लख्ख ठेवतात. तीही रीत वाईट नव्हे.

सारांश, लेप निवडताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. तो आपल्या जागी टिकतो का, तो शेजारच्या धातूचे नुकसान करतो का, आणि ज्या पाण्यात बोट फिरते त्या पाण्याला तो विषारी करतो का. पहिल्या दोन कसोट्या गेल्या शतकांतील कारागीर अनुभवाने शिकले होते. तिसरी आपल्या पिढीने महागात शिकून घेतली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपण तापीच्या काठी राहतो. हजीऱ्याच्या बंदरात येणारी प्रचंड जहाजे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्या डोलाऱ्याकडे, त्यांच्या झेंड्यांकडे सर्वांची दृष्टी जाते. पण जहाज सुखरूप जाते ते पाण्याखालच्या भागाच्या बळावर, आणि तो भाग नीट केला आहे की नाही, हे प्रवाशाला कधीच दिसत नाही. तेथे फटीत कापूस कमी भरला, लेपाचा एक हात चुकविला, तरी जहाज पाण्यात उतरते त्या दिवशी कोणास पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर. लवजींनी आपले आयुष्य अशा न दिसणाऱ्या कामात घालविले, आणि आपल्या नातवांनाही तेच शिकविले. सिगणपूरच्या एका सुताराची आठवण अडीचशे वर्षांनंतर आपण काढतो, ती यासाठीच.